अटलांटिक ओलांडताना जहाजावरचं घड्याळ कोण बदलतं, कधी आणि कसं

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. मुलानं तुमच्यासाठी आणि सरांसाठी, म्हणजे तुमच्या यजमानांसाठी, सप्टेंबरात साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क असा सात रात्रींचा जहाजप्रवास बुक केलाय. लातूरहून हैदराबाद, तिथून विमानानं लंडन आणि मग जहाज. तुम्हाला हवंय ते असं: भर समुद्रात वेळ कुणाची धरायची, घड्याळ रोज बदलावं लागतं का, सरांच्या इन्सुलिनचं काय करायचं, मध्ये संकष्टी आली तर चंद्रोदय कसा कळणार, आणि परतताना जहाजानं यावं की विमानानं. शिवाय सरांनी विचारलंय, की जहाजावर अख्खा एक दिवस गायब होतो म्हणतात, ते खरं का?

मी मूळचा परभणीचा. सुरुवात मालवाहू जहाजांवर केली, पुढची बरीच वर्षं प्रवासी जहाजांवर नॅव्हिगेशनचं काम पाहिलं. घड्याळ मागे-पुढे करायचा हुकूम अमलात आणणं हा त्या कामाचाच भाग होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी थोडक्यात. जहाजावर वेळ एकच, जहाजाची. ती कॅप्टन ठरवतो. पश्चिमेकडे जाताना सातपैकी पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे जाईल, म्हणजे पाच रात्री तुम्हाला तासभर झोप जास्त मिळेल. मोबाइलवरच्या वेळेवर अवलंबून राहू नका. इन्सुलिनचं वेळापत्रक निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या. परतताना विमानानं या.

आता यामागचं गणित. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश आणि एका अंशाला ४ मिनिटं. नांदेड मुंबईच्या पूर्वेला साधारण साडेचार अंशांवर आहे, म्हणून नांदेडला सूर्य मुंबईच्या १८ मिनिटं आधी उगवतो. तरी दोन्हीकडे घड्याळात एकच वाजलेले असतात, कारण आपल्या देशानं साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची वेळ सगळ्यांसाठी धरलेली आहे. जमिनीवर हे सरकार ठरवतं. खुल्या समुद्रावर कुठलंच सरकार नसतं. तिथे ग्रीनिचपासून मोजलेले १५-१५ अंशांचे पट्टे धरतात. ही पद्धत १९१७ साली लंडनमध्ये भरलेल्या ब्रिटिश-फ्रेंच परिषदेत सुचवली गेली आणि पुढे नौदलांनी आणि व्यापारी जहाजांनी ती उचलली. पण पट्टा ओलांडला की त्याच क्षणी घड्याळ बदललंच पाहिजे असं प्रवासी जहाजावर कुणी करत नाही. कुठल्या रात्री किती बदलायचं हे निघण्याआधीच नॅव्हिगेटर मांडतो आणि कॅप्टन त्यावर सही करतो.

रोज तासच का, हेही बघा. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश म्हणजे ६० सागरी मैल. जसजसं उत्तरेला जाल तसतसं हे अंतर आकसतं. साउदॅम्प्टन-न्यूयॉर्क मार्ग ४० ते ५० अक्षांशांच्या दरम्यानचा, तिथे एका अंशाला साधारण ४० सागरी मैल पडतात. जहाज २० नॉटनं, म्हणजे ताशी २० सागरी मैलांनी चाललं तर दिवसाला ४८० मैल कापतं, म्हणजे १२ अंश, म्हणजे ४८ मिनिटं. तेच जहाज विषुववृत्ताजवळून गेलं असतं तर दिवसाला ३२ मिनिटांचाच फरक पडला असता. दोन्ही बंदरांच्या रेखांशांत ७२ अंशांहून थोडा जास्त फरक आहे, त्याचे होतात ४ तास ५० मिनिटं. घड्याळातला फरक ५ तासांचा. म्हणून पाच रात्री, रोज एक तास. (मार्चमधले दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावरचा एक आठवडा हा फरक ४ तासांवर येतो, कारण उन्हाळी वेळ अमेरिका आणि ब्रिटन वेगवेगळ्या रविवारी बदलतात. सप्टेंबरात ही भानगड नाही.)

घड्याळ प्रत्यक्षात बदलतं ते रात्री दोन वाजता. ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या खोलीत, पूर्ण अंधार असतो, पडद्यांचा उजेडही कमीत कमी ठेवलेला, कारण बाहेरच्या समुद्रावर नजर ठेवायची असते. बारा ते चारच्या वॉचवरचा, म्हणजे त्या पाळीचा ऑफिसर इंजिन कंट्रोल रूमला फोन लावतो, 'दोनचा एक करतोय' म्हणून सांगतो आणि तिकडून होकार आला की मास्टर क्लॉकवर तास मागे घेतो. हे मास्टर क्लॉक उपग्रहाकडून येणाऱ्या वेळेशी जुळलेलं असतं आणि जहाजभरची घड्याळं, म्हणजे जेवणघर, गॅली (स्वयंपाकघर), इंजिनरूम, क्रू मेस (कर्मचाऱ्यांचं जेवणघर), सगळी त्याच्या इशाऱ्यावर चालतात. जुन्या जहाजांवर अशी घड्याळं असत की त्यांचे काटे उलटे फिरतच नसत. मग ती तासभर थांबवून ठेवायची. रात्री गॅलीत ब्रेड भाजणाऱ्या माणसासमोर भिंतीवरचा काटा एक तास जागचा हलत नसे.

बदल झाला की लॉगबुकात नोंद होते: अमुक रेखांशावर, इतक्या वाजता, घड्याळ ६० मिनिटं मागे. ही नोंद फार महत्त्वाची आहे. त्या रात्री दीड दोनदा वाजतो. समजा कुणाच्या छातीत दुखलं आणि दीड वाजता डॉक्टरांना बोलावलं, तर कुठल्या दीडला? पुढे चौकशी झाली तर हा तास मोठा घोळ घालू शकतो. म्हणून ब्रिजवरची उपकरणं, रेडिओचा लॉग आणि विमानातल्या ब्लॅक बॉक्ससारखा जहाजाचा रेकॉर्डर हे सगळं ग्रीनिचच्या वेळेवर, म्हणजे यूटीसीवर चालतं. ते कधीच मागे-पुढे होत नाही. बदलते ती फक्त माणसांच्या जेवणा-झोपेची वेळ.

पूर्वी हे याहून किचकट होतं. पट्ट्यांची पद्धत येण्याआधी रोज दुपारी सूर्य डोक्यावर आला की बरोबर बारा वाजावेत अशा बेतानं जहाजाचं घड्याळ लावायचे, त्यामुळे बदल तासाचा नसून विचित्र मिनिटांचा असे. टायटॅनिकवर १४ एप्रिल १९१२ च्या रात्री घड्याळ ४७ मिनिटं मागे जायचं होतं, २३ मिनिटं एका वॉचमध्ये आणि २४ दुसऱ्यात, असं सुकाणूवरच्या क्वार्टरमास्टरनं चौकशीत सांगितलं होतं. जहाजाची वेळ न्यूयॉर्कच्या वेळेपेक्षा नेमकी किती पुढे होती, यावर अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या चौकशीत वेगवेगळे आकडे धरले गेले. वेळेची नोंद काटेकोर का लागते याला यापेक्षा ठळक उदाहरण मला माहीत नाही.

तुम्हाला हा बदल कळेल कसा? संध्याकाळी केबिनमध्ये दुसऱ्या दिवसाच्या कार्यक्रमाचा कागद येतो, त्यावर ठळक अक्षरांत 'आज रात्री घड्याळ एक तास मागे घ्या' असं लिहिलेलं असतं. बऱ्याचदा उशीवर वेगळी चिठ्ठीही ठेवतात. दुपारी बाराला ब्रिजवरून कॅप्टनची घोषणा होते, जहाज कुठे आहे, वेग किती, हवा कशी, त्यात घड्याळाचाही उल्लेख असतो. केबिनमधल्या टीव्हीवर आणि टेलिफोनवर जहाजाचीच वेळ दिसते. झोपण्याआधी मनगटी घड्याळ एक तास मागे घ्यायचं आणि निवांत झोपायचं, एवढंच तुमचं काम.

खरा घोटाळा होतो तो मोबाइलमुळे. लोक वेळ 'ऑटोमॅटिक' ठेवतात. समुद्रात मोबाइलला मिळतं ते जहाजाचं स्वतःचं नेटवर्क किंवा वाय-फाय, आणि त्यावरून फोन कुठली वेळ उचलेल याचा भरवसा नाही. किनारा जवळ आला की तो जमिनीवरच्या टॉवरची वेळ पकडतो. एकाच टेबलावर चौघांच्या फोनवर तीन वेगळ्या वेळा मी पाहिल्या आहेत. म्हणून साउदॅम्प्टनला जहाजावर पाऊल ठेवलं की फोन एअरप्लेन मोडवर टाका, वाय-फाय लागलं तरच चालू करा, आणि तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये जाऊन 'ऑटोमॅटिक' बंद करा. एअरप्लेन मोडचा दुसरा फायदा म्हणजे समुद्रातल्या रोमिंगचं अंगावर येणारं बिल टळतं. अलार्म मात्र साध्या मनगटी घड्याळावर किंवा केबिनच्या टेलिफोनवरच लावा.

तुमच्या प्रवासात मधलं बंदर नाही, म्हणून आणखी एक धोका उरत नाही, पण इतर वाचणाऱ्यांसाठी सांगतो. कॅरिबियनमध्ये फिरणारी बरीच जहाजं सुरुवातीच्या बंदराचीच वेळ शेवटपर्यंत ठेवतात. उन्हाळ्यात मायामी आणि मेक्सिकोतलं कोझुमेल यांच्यात एक तासाचा फरक असतो. कोझुमेलच्या बाजारात भिंतीवर चार वाजलेले दिसतात तेव्हा जहाजावर पाच झालेले असतात, आणि जहाज सुटतं जहाजाच्या वेळेवर. धक्क्यावरून धावत येणारी माणसं बहुतेक याच एका तासानं फसलेली असतात. जिन्यावरून उतरताना तिथे लिहिलेली परतायची वेळ वाचायची आणि हातातलं घड्याळ तिच्याशी जुळवून मगच पुढे जायचं.

आता परतीचं. पूर्वेकडे येताना हेच सगळं उलट होतं आणि ते अंगावर येतं. रोज एक तास कमी, दिवस २३ तासांचा. रात्री दोनचे एकदम तीन करायचे तर सकाळच्या नाश्त्याच्या कामासाठी पाचला उठणाऱ्या क्रूमधल्या मुलांची झोप थेट कापली जाते, आणि तीही एका आठवड्यात पाच वेळा. पश्चिमेकडे जाताना क्रू मेसमध्ये घड्याळाची सूचना लागली की मुलं खूश होतात. पूर्वेच्या खेपेला तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळ्यांचे डोळे तांबारलेले असतात. समुद्री कामगारांच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे कुठल्याही २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळालीच पाहिजे, त्यातला एक तुकडा सलग ६ तासांचा. घड्याळ पुढे ढकललं म्हणून ती कमी करता येत नाही, म्हणून ड्यूटीचे तक्ते पुन्हा बांधावे लागतात. मालवाहू जहाजांवर आम्ही तासाचे तीन भाग करून प्रत्येक वॉचला २० मिनिटं वाटून द्यायचो, म्हणजे एकट्या बारा-चारवाल्यावर भार पडत नाही. प्रवासी जहाजावर ते जमत नाही, हजारो माणसांना दिवसातून तीनदा घड्याळ बदला म्हणून सांगता येत नाही. त्याऐवजी काही जहाजं पूर्वेकडे येताना दुपारी बाराचे थेट एक वाजवतात. झोप वाचते, दुपार तेवढी आखडते. मला ही पद्धत पटते, आणि हॉटेल विभागात काम करणाऱ्या आपल्याकडच्या पोरांचे हाल बघितल्यावर ती सगळीकडे यावी असं मनापासून वाटतं.

म्हणून परतताना न्यूयॉर्कहून थेट मुंबईचं विमान घ्या. साडेनऊ तासांचा फरक एकदम अंगावर येतो हे खरं, पण तो घरी येऊन आपल्या अंथरुणात, आपल्या भाकरीवर भरून काढता येतो. सत्तरीच्या माणसांनी पाच दिवस रोज तासभर झोप गमवायची, त्यानंतर लंडनहून पुन्हा विमान आणि पुन्हा साडेचार तास, हे मला योग्य वाटत नाही.

इन्सुलिनचं सांगतो, पण शेवटचा शब्द सरांच्या डॉक्टरांचा. जेवणाबरोबरचं इन्सुलिन जेवणाच्या मागे जातं, त्याला जहाजाच्या वेळेचा त्रास कमी. प्रश्न असतो तो दिवसातून एकदा घ्यायच्या दीर्घकाळ चालणाऱ्या इन्सुलिनचा. जहाजाच्या घड्याळाप्रमाणे रोज त्याच वेळी घेतलं, तर दोन डोसांत २४ ऐवजी २५ तास जातात. ते चालेल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. त्यांनी भारतीय वेळच धरायला सांगितली तर एक जुनं घड्याळ लातूरच्या वेळेवर ठेवा आणि त्याला हातच लावू नका. सर आज रात्री १० ला घेत असतील, तर लंडनला ती वेळ संध्याकाळी साडेपाचची होते, मग रोज तासानं अलीकडे सरकत न्यूयॉर्कला दुपारी साडेबाराची. गैरसोयीची वेळ मध्ये कुठेच येत नाही. यात खरी मोठी उडी आहे ती विमानातली, एका दिवसात साडेचार तासांची. डॉक्टरांशी बोलताना त्या दिवसाबद्दल आधी विचारा.

इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. बॅगा केबिनपर्यंत यायला कधी कधी संध्याकाळ होते. केबिनमधला छोटा फ्रिज पुष्कळदा नुसता गारवा देणारा असतो, म्हणून मुलाला आत्ताच कंपनीला लिहून औषधांसाठी फ्रिज आणि सुया टाकायचा डबा मागायला सांगा.

संकष्टीचा तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातलं १२ अंशांचं अंतर. ती जगभर एकाच क्षणी लागते, फक्त घड्याळात वेगळं वाजलेलं असतं. समजा लातूरच्या पंचांगात चतुर्थी मंगळवारी पहाटे ३ ला लागते. त्या क्षणी अटलांटिकच्या मध्यावर, ग्रीनिचच्या एक तास मागे असलेल्या जहाजावर, सोमवारचे रात्री साडेआठ वाजलेले असतील. त्यानंतर चंद्र उगवला तर चंद्रोदयाला चतुर्थी सोमवारीच मिळते, आणि मंगळवारी चंद्र वर येईपर्यंत ती संपून गेलेली असू शकते. म्हणजे लातूरला संकष्टी मंगळवारी आणि तुमच्या जहाजावर सोमवारी. एकादशीलाही सूर्योदयाच्या तिथीमुळे असाच फरक पडू शकतो. कुठला दिवस पाळायचा हे तुमच्या गुरुजींना विचारून ठरवा, मी त्यात पडत नाही. अनेकजण घरच्या दिवसाप्रमाणेच उपास करतात.

चंद्रोदयाची वेळ मात्र पंचांगातली चालणार नाही, ती जागेप्रमाणे बदलते. सप्टेंबरात इतक्या उत्तरेला पौर्णिमेनंतरचा चंद्र रोज थोड्याच मिनिटांनी उशिरा उगवतो, आपल्यासारखा पाऊण-पाऊण तासानं नाही. आदल्या दिवशी रिसेप्शनवर जाऊन सांगा, की उद्याच्या चंद्रोदयाची वेळ ब्रिजवरून हवी आहे. नॉटिकल अल्मनॅकवरून, म्हणजे खलाशांच्या पंचांगावरून, जहाजाच्या त्या रात्रीच्या ठिकाणाची वेळ काढणं हे ऑफिसरला पाच मिनिटांचं काम आहे, आणि कुणी विचारलं की आम्हाला बरंच वाटायचं. उत्तर अटलांटिकवर ढग पुष्कळ, चंद्र दिसेलच असं नाही. वेळ मात्र पक्की मिळेल.

सरांच्या दिवस गायब होण्याचं: तुमच्या वाटेवर तसं होत नाही. ते पॅसिफिकमध्ये, १८० अंश रेखांशाच्या आसपास. पश्चिमेकडे जाताना तास-तास करून घड्याळ मागे घेत गेलं, तर पृथ्वीला फेरी मारेपर्यंत चोवीस तास साचतात. ते तिथे एकदम फेडायचे असतात, म्हणून एक तारीख वगळतात. पूर्वेकडे जाताना उलट, एकच तारीख दोनदा येते. सरांना पंचांग कळतं म्हणून तसंच सांगतो: ज्या तारखेला जहाजावर सूर्योदयच मिळाला नाही ती क्षय तिथीसारखी, आणि जिला दोन सूर्योदय मिळाले ती वृद्धी तिथीसारखी. मॅगेलनच्या मोहिमेतलं उरलेलं जहाज १५२२ साली केप व्हर्दे बेटांवर पोचलं, तेव्हा त्यांच्या वहीत बुधवार होता आणि किनाऱ्यावर गुरुवार. नोंदी रोजच्या रोज ठेवलेल्या होत्या, चूक कुठेच नव्हती. पश्चिमेकडे जात फेरी मारताना त्यांना एक सूर्योदय कमी मिळाला होता, इतकंच. सामोआ देशानं तर २०११ साली ३० डिसेंबर हा शुक्रवारच वगळला आणि तो तारखेच्या रेषेच्या पलीकडे गेला. आज शेजारच्या अमेरिकन सामोआत आणि तिथे घड्याळात एकच वाजतात, वार मात्र वेगळा.

आपल्या बाजूच्या सागरी सहलींना हे काहीच लागत नाही. मुंबई-गोवा, लक्षद्वीप, कोलंबो सगळं आपल्याच वेळेवर. त्याहून लांब गेलात तर मात्र मालदीवला अर्धा तास मागे, दुबईला दीड तास मागे, सिंगापूरला अडीच तास पुढे.

राहिलं घरी फोन करायचं. तुम्ही रोज सकाळी जहाजावरच्या आठला फोन करणार असाल, तर निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी लातूरला साडेबारा वाजलेले असतील. पुढे जितके तास घड्याळ मागे जाईल तितके तास इकडे पुढे: दीड, अडीच, साडेतीन, साडेचार, आणि न्यूयॉर्कला उतरताना साडेपाच. रात्री जेवून फोन करू म्हणाल तर इकडे मध्यरात्र उलटून गेलेली असते. सुनेला हा हिशोब निघण्याआधी कागदावर लिहून द्या, आणि ज्या दोन दिवशी घड्याळ बदलणार नाही त्या दिवशी कालचीच वेळ राहील, हेही सांगून ठेवा.